आधी लिहा, मग विका

गेल्या महिन्यात इंदूरच्या एका सभागृहात माझ्या काकांची शोकसभा झाली. सांवेरच्या पुढे आमचं गाव आहे. शिक्षणाची चार वर्षं सोडली तर काकांचं सगळं आयुष्य तिथल्या एका वाड्यात आणि त्या वाड्यामागच्या शेतात गेलं. वय ब्याऐंशी. सात जण बोलले आणि आपापली पाच मिनिटं भरताना सातही जणांना घाम फुटला. 'साधे होते', 'कुणाच्या अध्यात ना मध्यात', 'मातीशी नाळ तुटू दिली नाही'. एका वक्त्यांनी तर 'त्या वाड्यातल्या विहिरीचं अमृतासारखं पाणी' असं म्हणून डोळे पुसले. मग चहा झाला, आणि चहाबरोबर खरा विषय निघाला: जमिनीचं काय?

हा वाद आमच्या एकट्या घरातला असता तर मी लिहायला बसलो नसतो. सुपर कॉरिडॉर झाला, पीथमपूरकडचा पट्टा आखला गेला, पश्चिमेच्या रिंगरोडसाठी खुणा झाल्या, आणि इंदूरभोवती ज्या ज्या मराठी घराची वडिलोपार्जित शेती आहे त्या प्रत्येक घरात हेच भांडण सुरू झालं. एक पक्ष म्हणतो, पूर्वजांच्या आठवणी विकायच्या नसतात. दुसरा म्हणतो, आठवणी मनात असतात, रजिस्ट्री करून मोकळे व्हा. दोघेही जमिनीबद्दल बोलतात आणि दोघांनाही वाटतं की आपण माणसाबद्दल बोलतोय. माझं म्हणणं असं आहे: एका जागी गेलेल्या शांत आयुष्याची आठवण ठेवायची तर त्या आयुष्यात नेमकं काय काय झालं ते आधी लिहून काढावं लागतं. ते काम केलं नाही तर जमीन विकणारा जेवढं विसरतो, तेवढंच जमीन ठेवणाराही विसरतो. फरक एवढाच की दुसऱ्याच्या विसरण्याला एक चौकीदार असतो.

चौकीदार हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. 'जपलेले' वाडे मी पाहिलेत. गोठ्याचं कॉटेज होतं. बैलगाडीचं चाक रंगवून भिंतीला लागतं. ओसरीत झोपाळा, त्याच्यावर आजोबांचा हार घातलेला फोटो, आणि रविवारी इंदूरहून चार गाड्या भरून दाल-बाफल्यांची पंगत. फोटोतल्या माणसाने त्या ओसरीत बसून काय केलं, हे पंगतीतल्या कुणाला विचारून पाहा. 'शेती पाहायचे,' असं उत्तर मिळेल. आमच्या कुलवृत्तांतातही हेच आहे. पुण्याला जाऊन अभियंता झालेल्या चुलतभावाला सहा ओळी, अमेरिकेतल्याला नऊ, आणि काकांपुढे तीन शब्द: घरची शेती पाहतात. साठ वर्षं माणूस नुसता पाहत होता की काय?

आता विकणाऱ्यांच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो, कारण ते बरंच आहे. आजोबांच्या नावावरची जमीन चार मुलांत गेली, आज खसऱ्यावर अकरा नावं आहेत. (महाराष्ट्रातले पाहुणे 'सातबारा' म्हणतात, आम्ही तीन पिढ्या खसरा, खतौनी आणि नामांतरणातच वाढलो.) अकरातले नऊ जण शेतात उभे राहिले तर गव्हाची कुठली जात आहे हे सांगू शकणार नाहीत, मीही नाही. शेत बटाईवर आहे. जो पेरतो त्याचं नाव कागदावर नाही आणि ज्याचं नाव कागदावर आहे तो बंगळुरात आहे. या व्यवस्थेला 'मुळं जपणं' म्हणायचं का? आणि हा प्रश्न काही नवा नाही. १९५१ मध्ये मध्य भारतात जहागिऱ्या आणि जमीनदाऱ्या रद्द करण्याचे कायदे झाले तेव्हा नेमका हाच मुद्दा होता. आमच्या घराण्याकडचं इनाम तेव्हा गेलं, घरी कसली जात होती तेवढी जमीन राहिली. आजोबा त्या रात्री जेवले नाहीत, ही गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. गावात बाकी कुणी उपाशी झोपलं असेल असं मला वाटत नाही.

शिवाय, जमीन ठेवा म्हणणाऱ्यांना मी एक साधी गोष्ट सुचवली होती. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे एका वारसाला आपला हिस्सा काढायचा असेल तर सहवारसांना तो आधी विकत घेण्याचा हक्क आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू होतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा ज्यांना पूर्वजांच्या मातीचा एवढा कळवळा आहे त्यांनी ती बाजारभावाने विकत घ्यावी. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी हे टाकलं आणि मातीचे सगळे भक्त दोन दिवस चिडीचूप झाले. तिसऱ्या दिवशी 'सुप्रभात' आलं.

पण विकणाऱ्यांची गाडी इथे थांबत नाही, ती पुढे जाते आणि म्हणते की लक्षात ठेवण्यासारखं होतंच काय? इथे माझा त्यांच्याशी उभा दावा आहे. आणि इथे त्यांच्या हातात तीन भारी मुद्दे आहेत, हेही मी जाणून आहे.

पहिला मुद्दा डॉ. आंबेडकरांचा. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याबद्दलच्या हळव्या भाषेचा समाचार घेतला आणि खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाची गुहा, असं स्पष्ट सांगितलं. वाड्यातल्या माणसाचं आयुष्य शांत होतं, कारण त्या शांततेची किंमत वाड्याबाहेरचे देत होते, हे त्याचं आमच्या घरापुरतं भाषांतर. मला ते पूर्ण मान्य आहे. पण त्यातून निघतं काय? विसरून जा, असं? हिशेब ज्याला चुकता करायचा असतो तो वही जाळत नाही. वाड्याची आठवण गोड करून सांगणं जसं खोटं, तसंच ती पुसून टाकणं हे वाड्याच्या फायद्याचं. पुसलं की कोण राबलं, त्याला काय दिलं, हेही पुसलं जातं. आंबेडकरांची टीका खरी मानली तर खेड्यातल्या घराची आठवण दुप्पट बारकाईने लिहावी लागते.

दुसरा मुद्दा आपल्या परंपरेचा, आणि तो मला जास्त अडवतो. श्राद्धात तीन पिढ्यांचीच नावं घेतात. बाप वसुरूप, आजा रुद्ररूप, पणजा आदित्यरूप. चौथ्यापासून पुढचे पिंडाचे धनी नाहीत, हाताला लागलेला लेप दर्भाला पुसतात तेवढाच त्यांचा वाटा. म्हणजे शांतपणे जगून गेलेल्या माणसाने शंभरेक वर्षांत विरघळून जावं, हीच आपल्या पूर्वजांची इच्छा दिसते. मोठी सुंदर व्यवस्था आहे, आणि मी तिच्याशी भांडलो नसतो, जर त्याच पूर्वजांनी तीच तिन्ही नावं उज्जैनला सिद्धवटावरच्या पंड्यांच्या वहीत लिहून ठेवली नसती तर. कोण आलं, कुठल्या गावचं, बरोबर कोण, खाली सही. पिंड तिघांना, पण वही सगळ्यांची. आपल्याकडे दोन्ही होतं. आपण विधी तेवढा ठेवला आणि वही सोडून दिली.

तिसरा मुद्दा काकांचाच. त्यांना हे आवडलं नसतं, असं आत्या म्हणते, आणि ती चूक नाही. स्वतःच्या पंच्याहत्तरीला ते सकाळीच शेताकडे निघून गेले होते आणि केक घेऊन आलेली मंडळी ओसरीत माशा मारत बसली होती. अशा माणसाचं स्मारक करणं म्हणजे त्याच्यावर सूड उगवणंच. पण वाड्यातल्या मधल्या खोलीत लाल कापडात बांधलेले कागदांचे जे रुमाल निघाले ते पाहून मी घोटाळ्यात पडलो. वरचे तीन आजोबांचे, मोडीतले. खालचे काकांचे, देवनागरीत, पन्नास वर्षांहून जास्त काळाचे. रोज दोन-तीन ओळी. 'आषाढ वद्य ४. दुपारी पाऊस. नाल्याला पाणी. वरची पट्टी पड.' स्वतःबद्दल एक अक्षर नाही. लग्नाच्या दिवशी सुद्धा पाऊस नाही, एवढंच. ज्याला काहीच मागे ठेवायचं नसतं तो माणूस पन्नास वर्षं रोज लिहील का? काकांना विस्मरण नको होतं, आरती नको होती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

विहिरीच्या थारोळ्यापाशी एका खुंटीला एक दोरी टांगलेली आहे. टोकाला दगड, आणि हातहात अंतरावर गाठी. पाणी किती खाली गेलं हे मोजायची दोरी. खालचा भाग अंबाडीचा, काळा पडलेला. त्याला जोडलेला मधला भाग काथ्याचा. आणि सगळ्यात वर, हातात धरायच्या बाजूला, निळा नायलॉन. पाणी खाली जात गेलं तसतशी दोरी वरून वाढवली. वहीतल्या वैशाखातल्या नोंदी घेऊन मी एक दुपारभर बसलो. आधी नुसते हात मोजलेले. मग एका वर्षी 'वरच्या पट्टीत सोयाबीन' येतं आणि 'पड' हा शब्द वहीतून नाहीसा होतो. मग शेजारच्या शेतातल्या ट्यूबवेलची नोंद, मग आमच्या. मग नायलॉन. आणि एका वैशाखात हातांच्या आकड्याच्या जागी एकच शब्द: 'कोरडी'.

'डग-डग रोटी, पग-पग नीर' असं ज्या माळव्याचं वर्णन, त्या माळव्यात १९९० मध्ये देवासला पिण्याचं पाणी आगगाडीने न्यावं लागलं. गाडीचे फोटो छापून आले. पण गाडी का लागली, याचं उत्तर स्टेशनवर नव्हतं. पावसाळ्यात काळ्या जमिनी पड ठेवायच्या, पाणी जिरवायचं आणि त्या ओलीवर बिनपाण्याचा कठिया गहू काढायचा, ही जुनी रीत सत्तरच्या दशकात सोयाबीन आल्यावर कशी मोडली, आणि दोन पिकांच्या रेट्यात आणि पाणी मागणाऱ्या नव्या गव्हापायी जमिनीला भोकं कशी पडत गेली, हे एकेका विहिरीच्या काठावर घडत होतं. तिथे बातमीदार नव्हता. दोरी घेतलेला माणूस होता. त्या माणसाबद्दल 'त्याच्या आयुष्यात काही घडलं नाही' असं म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो, घडणं म्हणजे काय? एकाच जागी साठ वर्षं उभं राहिल्याशिवाय जे दिसतच नाही, ते बघितलं कुणी असतं?

मराठी माणसाने तर हा प्रश्न विचारूच नये. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनं' काढायला सुरुवात केली, ती कुठून आणली? दरबारांच्या दप्तरखान्यांपेक्षा गावोगावच्या घरांतून, माळ्यावरून, वाळवी लागलेल्या रुमालांतून. ज्या घरांनी ते कागद शंभर-दीडशे वर्षं सांभाळले त्यांत पराक्रम कुणी केलेला नव्हता. त्यांनी फक्त गाव सोडलं नव्हतं आणि कागद फेकले नव्हते. पानिपताबद्दल आपण जे अधिकारवाणीने बोलतो त्यातलं कितीतरी अशा 'काही न घडलेल्या' घरांचं देणं आहे.

इंदूरचंच बघा. १९२४ मध्ये ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथे वनस्पती संशोधन संस्था उभारायला आले आणि १९३१ पर्यंत राहिले. काडीकचरा, शेण, राख, गोमूत्राने भिजलेली माती यांचे थर रचून, ठरल्या वेळी खालीवर करून खत करायची जी पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते, ती इथली. सेंद्रिय शेतीच्या पहिल्या पुरुषांत हॉवर्ड यांचं नाव घेतात आणि ते योग्यच आहे. पण १९३१ मध्ये या पद्धतीवर जे पुस्तक निघालं त्यावर दुसरंही एक नाव छापलेलं आहे: यशवंत वाड. इंदूरच्या किती मराठी घरांत हे नाव माहीत आहे? आणि ज्यांच्या शेतातल्या रीती पाहून हॉवर्ड इथल्या शेतकऱ्याला आपला गुरू म्हणायचे, त्या गुरूंपैकी एकाचंही नाव सांगता येईल का? हॉवर्डनी कबुली दिली म्हणून निदान ते होते एवढं तरी आपल्याला कळतं. मोठ्या नावाच्या बाजूला ज्या वह्या ठेवल्या गेल्या असतील, त्या कुणाच्या तरी माळ्यावरून रद्दीत गेल्या.

अहिल्याबाईंची त्रिशताब्दी आपण २०२५ मध्ये धूमधडाक्यात साजरी केली. देवळं आणि घाट यांची यादी प्रत्येक भाषणात होती. त्यांच्या मृत्यूनंतर दोनेक दशकांनी जॉन माल्कम हा ब्रिटिश अधिकारी माळव्यात आला आणि लोकांना विचारत फिरला, तेव्हा त्याने त्यांच्या कारभाराबद्दल जे टिपून ठेवलं त्यात माफक सारा आणि गावच्या वतनदारांच्या, जमीनधारकांच्या हक्कांबद्दल जवळजवळ धर्मासारखी आस्था, या गोष्टी आहेत. म्हणजे शेतातल्या माणसाला त्याच्या शेतात निवांत राहू देणं. एवढ्या मोठ्या राणीची थोरवी ज्या शांततेत मोजली गेली, ती शांतता प्रत्यक्ष जगलेल्या माणसाला मात्र आपल्याकडे तीन शब्द.

आता माझ्याच बाजूचं एक भोक दाखवतो, नाहीतर दुसरं कुणी दाखवेल. वही ही मालकाची असते. काकांच्या वहीत दर वर्षी 'हालीस ज्वारी', 'हालीस जोडा' अशा नोंदी आहेत. हाली म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. ज्वारी किती ते आहे, जोड्याचे पैसे किती ते आहे, त्याचं नाव नाही. एकवीस वर्षं तोच माणूस होता. त्याचा मुलगा मांगलियाला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हिशेब लिहितो. मी त्याला दोरीची गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली तर तो हसला. म्हणाला, विहिरीत दोरी सोडायचे माझे वडील, गाठी मोजायचे तेच, बाबूजी ओसरीतून विचारायचे, किती? दोरीचा जो इतिहास मी दहा जणांना ऐकवून झालो होतो त्यातला अर्धा दुसऱ्याच माणसाचा निघाला. त्या मुलाच्या घरी कागद एकही नाही. वडिलांच्या आठवणी आहेत, आणि त्या आमच्या वाड्याबद्दल फारशा बऱ्या नाहीत. मी त्या लिहून घेतोय. आमच्या घरातल्या काहींना ते रुचलेलं नाही.

आणि आत्या. ती त्याच वाड्यात जन्मली, लग्नापर्यंत तिथेच होती, भावांच्या बरोबरीने खळ्यावर उभी राहिली. १९५६ च्या कायद्याने वडिलांच्या मालमत्तेत मुलीला वारस म्हणून हिस्सा दिला. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत तिचा हक्क जन्मापासूनचा केला. आत्याने त्या दोन सालांच्या मध्ये कधीतरी साडी-चोळी घेऊन हक त्यागाच्या कागदावर सही केली. त्या दिवसापासून ती खसऱ्यातूनही गेली आणि गोष्टीतूनही. शोकसभेत तिला बोलायला कुणी सांगितलं नाही. मला सुद्धा सुचलं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

तेव्हा माझी मागणी फार मोठी नाही. न्यास नको, वस्तुसंग्रहालय नको, गावाच्या चौकात कोनशिला नको. व्यवहार पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबवा. मोडीचे रुमाल वाचून घ्यायचे आहेत. वह्यांचे फोटो काढून होत आलेत. शेताच्या चारी मेरांवर कुठलं झाड होतं, नाल्याला त्या पट्टीत काय म्हणतात, कुठल्या शेताला 'बुढ्यावाला' का म्हणतात, हे बटाईवाल्याला आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं आहे, कारण कॉलोनाइजरचा नकाशा आला की तिथे 'फेज टू' होईल. जी घरं विकून मोकळी झालीत त्यांचं हेच पहिलं गेलं: शेतांची नावं. खसऱ्यात आकडा असतो, नाव नसतं. एवढं झालं की माझ्या हिश्शाची सही मी स्वतः तहसिलीत जाऊन करीन. चुलतभाऊ म्हणाला, भाव उतरला तर? उतरला तर उतरला, तसाही तो आपण चढवलेला नव्हता.

कामाची सुरुवात आत्यापासून केली. फोन स्पीकरवर ठेवला आणि विचारलं, वाड्याचं पहिल्यांदा काय आठवतं? मला वाटलं ओसरी म्हणेल, नाहीतर आजी. ती म्हणाली, "ते परवा सभेत कोण ते विहिरीच्या पाण्याला अमृत म्हणत होते?"

मी म्हटलं, होते एक जण.

"त्यांना काय ठाऊक! जड पाणी होतं ते. तुरीची डाळ शिजायची नाही त्यात. आई दोन शेतं ओलांडून खालच्या विहिरीवरून रोज दोन घागरी आणायची, नुसत्या डाळीसाठी. ते लिही आधी."